नव्वद नाही, पंच्याण्णव

मागच्या बाकावरून मी शिट्टी मारली आणि सगळा वर्ग हसला. माझं वय तेव्हा चाळीस. भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्यात मी टर्नर होतो. म्हणजे लेथवर लोखंड फिरवून मापात कापणारा. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या हातचा शाफ्ट, म्हणजे मशीनमध्ये फिरणारा गोल दांडा, चुकला म्हणून कधी परत आला नाही.

नव्या मशिनी येणार होत्या. ड्रॉइंग वाचता येईल त्यालाच मशीन, असा हुकूम निघाला. ड्रॉइंग म्हणजे बनवायच्या भागाचा मापांसकट नकाशा. ते शिकवायला कारखान्यातच वर्ग सुरू झाला, शेवटी परीक्षा. फोरमन तिवारीजींनी सरळ सांगितलं, "खरात, पास हो जा. नहीं तो यार्ड में सामान उठाएगा."

मी वर्गात बसलो, पण दंगा केला. कारण सांगतो. मला आकडे वाचता येत, पण कागदावरच्या रेघा कळत नसत. इतकी वर्षं फोरमन मापं सांगायचे, मी पाठ करायचो. हे कुणाला कळू नये म्हणून शिट्ट्या.

शिकवायला नागपूरच्या वैद्य मॅडम. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांनी मला उभं करून एक ड्रॉइंग हातात दिलं. मी वरच्या नंबरावरूनच ओळखलं, आमचाच शाफ्ट. कागदाकडे न बघता धडाधड मापं म्हटली. बेअरिंग बसते ती जागा नव्वद मिलिमीटर.

पुढच्या बाकावरचा एक जण आपल्या हातातली प्रत बघून म्हणाला, "उस्ताद, यहाँ पंचानबे लिखा है."

ड्रॉइंग सुधारून नवीन आलेलं होतं. वर्ग खदखदला. माझे कान तापले.

मॅडम म्हणाल्या, "हसू नका. भाऊंनी जुन्या ड्रॉइंगची सगळी मापं तोंडपाठ सांगितली. तुमच्यातलं कोण सांगतं? आता नव्यात काय काय बदललं, ते तुम्ही शोधा." सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

चहाच्या सुट्टीत त्यांनी मला थांबवलं.

"खरातभाऊ, रेघा कळत नाहीत ना?"

"मला लेथ चालवता येतो. कागद तुम्ही वाचा."

त्या चिडल्या नाहीत. डब्यातलं गाजर काढलं, उभं चिरलं आणि चिरलेली बाजू माझ्यापुढे धरली. शाफ्ट असा कापला तर आत काय दिसेल, म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी ड्रॉइंगवर बोट ठेवलं. तिथे तेच काढलेलं होतं. इतकी वर्षं मी ज्याला घाबरलो ते एवढंच होतं.

पुढे तीन आठवडे रोज चहाच्या सुट्टीत शिकवणी. त्यांचा चहा गार व्हायचा. मी पुढच्या बाकावर बसायला लागलो. परीक्षेत कधी न पाहिलेलं ड्रॉइंग आलं. सगळ्यात शेवटी उठलो, पण पास झालो. नवी मशीन मिळाली, रिटायर होईपर्यंत तीच चालवली.

आभार मानणं मला जमत नाही. वर्गाच्या शेवटच्या दिवशी एवढंच म्हणालो, "मॅडम, तुमची शिकवायची पद्धत ठीक आहे."

"हे लिहून द्याल?"

ऑफिसचा एक फॉर्म असायचा, शिक्षकाबद्दल मत लिहायचा. सगळे कोरा देत. मी मराठीत चार ओळी लिहिल्या. मॅडमनी वर्गासमोर माझी लाज राखली, हेही लिहिलं. चुका असतील, पण दुसऱ्याकडून लिहून घेतलं नाही.

आता मी भोपाळमधल्याच अवधपुरीत राहतो. शेजारचे मास्तर पोरांच्या दंग्याची तक्रार करतात. मी म्हणतो, सगळ्यात जास्त दंगा करणाऱ्याला बाजूला घ्या आणि काय कळत नाही ते विचारा. पण चारचौघांत विचारू नका.