नको म्हणजे किती धोंडे?

माझ्या सासरी सगळे डोळ्यांनी बोलतात आणि मला चष्मा आहे.

सासर पाथर्डी तालुक्यातलं. तिथं पाहुणे कधी उठणार, चहात साखर कमी पडली का, असले सगळे प्रश्न भुवयांवर सुटतात. माझी बायको सुनंदा त्याच घरात वाढलेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं डोळे मोठे केले की मी अजूनही विचारतो, "डोळ्यात काही गेलं का?"

तर परवाच्या धोंड्याच्या, म्हणजे अधिक महिन्यात सासूबाईंनी (आम्ही त्यांना मामी म्हणतो) दोन्ही जावयांना एकाच दिवशी जेवायला बोलावलं. दुसरा जावई म्हणजे माझा साडू विवेक, धाकट्या मेव्हणीचा, वैशालीचा नवरा. श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट. उंच, गोरा आणि डोक्यावर सगळे केस! मी राहुरीत ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो आणि केसांचा विषय टाळतो. विवेक येईपर्यंत त्या घरात जावई म्हटलं की फक्त मी होतो. तो आल्यापासून मी 'थोरले' झालो होतो. मला त्याचा मत्सर वाटत होता, उगाच आडपडदा कशाला ठेवू!

त्यात सुनंदाच्या तोंडून निसटलं, "आई सोनाराकडं गेल्ती म्हनं."

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवू घालून काहीतरी द्यायची रीत आहे. सोनार म्हणजे अंगठी. आणि अंगठी एकच असणार, कारण मामींना मी ओळखतो. ती कुणाच्या बोटात जाते, एवढाच प्रश्न होता.

निघताना सुनंदानं मोटारसायकलवर बसल्या बसल्या दम दिला, "तिथं गप बसायचं. माझ्याकडं ध्यान ठेवा, काय करायचं ते मी डोळ्यानं सांगंन."

"आणि नाही कळलं तर?"

"मंग तर अजिबातच काही करू नका!"

पोचलो तर विवेक आधीच येऊन बसलेला. कशावर? नव्या गादीच्या खुर्चीवर! मला दाराआडची प्लास्टिकची खुर्ची मिळाली, तिचा एक पाय मला बघून वाकला. त्याला चहा कपबशीतून, मला स्टीलच्या पेल्यातून. (पेल्यात चहा जास्त मावतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. मत्सरात गणित सुचत नाही.)

पानं मांडली. आम्ही दोघं जावई आणि सासरे, ज्यांना मामा म्हणतो, असे तिघं बसलो. ताटात पुरण भरलेले धोंडे आणि वर तुपाची धार. पहिली वाढ बरोबरीची झाली. दुसऱ्या वाढीला मामी विवेकसमोर आल्या. त्यानं दोन्ही हात ताटावर धरले. "नको मामी, खरंच नको!"

"आवं, घ्या वो पावनं, एवढ्यानं काय व्हतंय!" म्हणत मामींनी त्याच्या बोटांच्या फटीतून धोंडा आत सोडला.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमाला वाढू का?"

वाढू का? मला विचारतात! त्याला प्रेमानं आणि मला परवानगी घेऊन! पोटात असं काही पेटलं, की वरच्या तुपानं आणखीच भडकलं. तेवढ्यात मला विवेकची युक्ती ध्यानात आली. हा गडी 'नको' म्हणून जास्त मिळवत होता! मीसुद्धा ताटावर दोन्ही हात धरले, मान हलवली आणि लाडानं म्हणालो, "नको मामी, अजिबात नको!"

"बरं," म्हणाल्या मामी, आणि पुढं गेल्या.

पुढं गेल्या! माझे हात तसेच ताटावर राहिले.

घरातल्या साऱ्यांसमोर माझा असा कचरा झालेला बघून मी सुनंदाकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं तळहात सावकाश खाली केला. मी अर्थ लावला, रुसू नका, नीट मांडी ठोकून बसा. मग मी खणखणीत आवाजात म्हणालो, "मामी, इकडं आणा!"

मामींनी वाढलं. सुनंदानं डोळे मोठे केले. शाबासकी! मी आणखी मागितलं. तिनं पोटावर हात ठेवला. म्हणजे पोटभर खा. विवेकनं तोवर पाणी पिऊन शरणागती पत्करली होती. मी त्याच्याकडे बघत बघत खात होतो. शेवटी सुनंदानं रिकामं पातेलं उचलून दारात उपडं धरलं. मी तोंडात घास असताना तिला अंगठा दाखवला. पातेलं रिकामं केलं होतं मी! अंगठी माझीच!

तेवढ्यात आतून वैशालीचा आवाज आला, "आई, आपल्याला भाकरी टाकू का?"

बायकांची पंगत अजून बसायची होती. घरात एकही धोंडा शिल्लक नव्हता. आत पिठलं रटरटू लागलं, आणि मामा अचानक छताकडे बघू लागले.

मी अंगणात येरझाऱ्या घालायला लागलो. विवेक मागून आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, तुमचं भारी आहे राव. तुम्ही नको म्हणालात की ऐकतात. मला गोड झेपत नाही, पण माझं कुणी ऐकतच नाही. तुमचा हेवा वाटतो बघा."

माझा हेवा! तो ऐकून फुगायलासुद्धा पोटात जागा नव्हती.

निघताना दोघांनाही टॉवेल, टोपी आणि शर्टाचं कापड मिळालं. पण मी गाडीला किक मारणार, तोच मामी जवळ आल्या. इकडेतिकडे बघून त्यांनी माझ्या मुठीत रुमालात बांधलेली छोटीशी पुडी कोंबली आणि एक डोळा हलकेच मिटला. विवेकला काही नाही! मी त्याच्यासमोरून मुद्दाम खिसा थोपटत गाडी काढली.

करंजी घाट उतरल्यावर सुनंदा मागून म्हणाली, "तुमाला डोळं हायेत का बटनं? मी मरमर खुणा करत हुते, बास करा म्हणून!"

"पण तुझी आई मला आग्रह का करत नाही?"

"आग्रह परक्याला करत्यात. आई म्हणती, थोरले घरचे हायेत. त्यांचं नको म्हंजी नको. आता म्हणती, त्यांचं हो म्हंजी लई हो!"

"मग ही अंगठी?" मी गाडी बाजूला घेत विजयानं खिशात हात घातला.

"कसली अंगठी? आई सोनाराकडं तिची नथ सांधायला गेल्ती."

मी रुमालाची गाठ सोडली. आत कागदाची पुडी, आणि पुडीत ओवा होता.

हा निरोप मात्र मला चष्मा काढूनसुद्धा कळला असता. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी ओव्याचा बकाणा भरला. सुनंदा पोट धरून हसत होती. आणि खोटं कशाला बोलू, विवेकला ओवा दिलेला नाही, हे आठवून मला जरा बरंच वाटलं!