शकुबाईने नाव घेतलं

मखमलाबादच्या शकुबाईच्या नवऱ्याला तिच्याशी बोलायला सवड मिळाली ती स्वतः मेल्यावर. जिवंत होता तोवर बावीस वर्षांत त्याची ठरलेली तीन वाक्यं होती: "पाणी दे", "टेम्पो आला का" आणि "बघू". गुलाबाचा अर्धा एकर मळा, एक विहीर, पत्र्याचं घर आणि हा घुम्या माणूस, एवढाच शकुबाईचा संसार. मूलबाळ नाही. ती त्याला 'मालक' म्हणायची. त्याचं नाव तिने आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नात बायांनी दार अडवलं तेव्हा. तेही इतकं पुटपुटून की सासू म्हणाली, "हिनं दुसऱ्याच कोनाचं घेतलं का काय?" मालकांचं नाव देवाचं होतं. त्यामुळे चंपाषष्ठीला सगळं गाव देवाच्या नावाने ओरडायचं तेव्हा ही तोंड मिटून नुसता भंडारा उधळायची.

चौऱ्याण्णव साली मालक पहाटे फुलं तोडता तोडता पहिल्या ओळीच्या टोकाशी बसले, ते उठलेच नाहीत.

तीन वर्षं गेली. मग शेजारच्या अंजलीच्या घरी केबल आली. अंजली अकरावीला, आणि कुणाचाही आवाज काढण्यात पटाईत. दुपारी एका चॅनेलवर जुने, काळेपांढरे इंग्रजी सिनेमे लागायचे. शकुबाई निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन तिथेच बसायची आणि अंजली सगळ्यांचं बोलणं मराठीतून म्हणून दाखवायची.

एके दुपारी पडद्यावर एक विधवा बाई होती आणि तिचा मेलेला नवरा जिन्याच्या कठड्यावर पाय सोडून बसला होता. कोट, केसांना तेल, गालात हसू.

"काय म्हनतो गं तो?"

"तो म्हणतोय," अंजलीने थेट फुलं न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्या फकिराचा आवाज लावला, "काय मॅडम, आमाला पोचवून आलात, आन् लगेच पडदे बदलले व्हय?"

शकुबाईने सूप बाजूला ठेवलं. पडद्यावरची बाई लाजली, चिडली, मग त्या भुताबरोबर खोलीभर नाचलीसुद्धा. शेवटी तिने त्याच्याकडे बघत हळूच एक शब्द उच्चारला आणि तो विरून गेला.

"गेला कुढं?"

"तिने नाव घेतलं ना त्याचं," अंजली म्हणाली. "नाव घेतलं की भूत थांबत नाही, मावशी. तसा नियमच आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे शकुबाई कात्री घेऊन मळ्यात गेली, तर पहिल्या ओळीच्या टोकाशी एक गुलाब तोडून ठेवलेला होता. लांब देठाचा. देठाचा काप अजून ओला होता. आसपास कुणी नाही, कुत्रंसुद्धा नाही. आणि मग वास आला, तंबाखूत चुना मळल्याचा.

"अर्धी कळी उमलली की तोडायची, शके," ओळीतून आवाज आला. "मी गेलो म्हंजी नियम बदलला का काय?"

शकुबाईच्या तोंडातून निघालं ते एवढंच: "टेम्पो यायचाय अजून."

"यू दे. फकिरा हल्ली लय हसून बोलतो तुझ्याशी."

बावीस वर्षांत मालकांना ती कुणाशी कसं बोलते याचं काही नव्हतं. आता मात्र कशाचंही होतं. ती नवं लुगडं नेसली की वाफ्यातून शीळ यायची. भाजीत मीठ जास्त पडलं की चुलीमागून "मेलेल्या मानसाला बी खारट लागतंय" असं ऐकू यायचं. दिसायचे मात्र कधीच नाहीत. विहिरीच्या काठावर उन्हात एक जास्तीची सावली पडायची, बस. शकुबाई तिच्यावर पाय न देता पलीकडून जायची. हजारो गुलाब पिकवणाऱ्या माणसाने बायकोला कधी एक फूल दिलं नव्हतं. आता रोज पहाटे ओळीच्या टोकाशी एक असायचं. ते ती बाजाराला धाडत नसे, तांब्यात ठेवायची.

मळा मात्र अजून मालकांच्याच नावावर होता. वारस म्हणून आपलं नाव लावायला शकुबाई दोनदा चावडीवर जाऊन आली होती. दोन्ही वेळा तलाठी भाऊसाहेबांनी विचारलं, "मयताचं नाव?" आणि दोन्ही वेळा ती पदर दातात धरून उभी राहिली.

"कागदावर हाय की, भाऊसाहेब."

"कागदाला मी विचारलं का, बाई? जबाब तुमच्या तोंडचा पाहिजे."

तेव्हा नुसती लाज होती; आता मालक जातील ही भीतीही होती. त्यातच दीर झुंबरने अर्ज दिला की भावाचा वारस म्हणून कुणी पुढे येत नाही, मळा आपल्या नावावर करावा. भाऊसाहेबांनी निरोप धाडला: मंगळवारी शेवटचं या.

निरोपाचं कळलं तशी सोमवारी अंजली रडवेली होऊन आली. "मावशी, मला त्या सिनेमातलं निम्मंसुद्धा कळलं नव्हतं. ती नावाची भानगड मी मनाने घातली. तुम्ही कधी काकांचं नाव घेत नाही, म्हणून गंमत केली."

शकुबाईने तांब्यातलं फूल नीट केलं. "तू घातलीस, बाई. पन तवा ते बी तिथंच बसले असतील ना. त्यांनी ऐकलं ते ऐकलं. शब्दाचे पक्के हायेत."

मंगळवारी पहाटे ती ओळीच्या टोकाशी उभी राहिली. गुलाब होता. वासही होता.

"नाव घेतलं तर तुमी जानार. नाय घेतलं तर मळा जानार."

"मळा गेला तर मी तरी ऱ्हाऊ कुढं?" आवाज म्हणाला. "झुंबरच्या घरी? त्याची बायको मी जिता असताना बी मला चहा देत नव्हती." मग अगदी कानाशी, "एकदाच घेतलं होतंस, शके. ते बी मला नीट ऐकू आलं नाय."

चावडीवर पाच-सहा माणसं होती. झुंबर धुतलेली टोपी घालून पुढे बसला होता. भाऊसाहेबांनी पेनचं टोपण काढलं. "मयताचं नाव?"

शकुबाईने पदर दातात धरला. झुंबर हसला. "वैनींना उखाना घेऊ द्या, भाऊसाहेब. सादं जमायचं नाय."

माणसं खिदळली. शकुबाईने पदर सोडला आणि दाराकडे बघत, स्वच्छ, सगळ्या चावडीला ऐकू जाईल असं म्हणाली:

"हजार फुलं बाजाराला, एक ठेवलं मला,
खंडेरावांचं नाव घेते, आता जायचं तर चला."

कुणी हसलं नाही. झुंबरने टोपी काढून मांडीवर ठेवली. दारातून वाऱ्याची एक झुळूक आत न येता बाहेर गेली, आणि टेबलावरचे कागद त्या दिशेने हलले. भाऊसाहेबांनी त्यावर हात ठेवला आणि काही न विचारता लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओळीच्या टोकाशी काही नव्हतं. वास नव्हता, आवाज नव्हता. विहिरीच्या काठावर विहिरीचीच सावली. मळा शकुबाईचा होता, आणि इतका रिकामा की तिला आपल्या बांगड्यांचा आवाज सोसवेना.

मग तिने कात्री घेतली. लांब देठाचा एक गुलाब तोडला, अर्धी उमललेली कळी, नियमाप्रमाणे, आणि टोकाशी ठेवून दिला. एकदा घेतल्यावर नावाची भीती उरली नव्हती. "खंडेराव," तिने हाक मारली. बांधावरची कुसाबाई गवत कापता कापता कानाला हात लावून उभी राहिली.

त्याच्या दुसऱ्या पहाटे तिथे गुलाब नव्हता.

"शेळीनं खाल्ला असंल," कुसाबाई म्हणाली. "एक दिवस राखन बस, कळंल."

शकुबाईने नवं फूल ठेवलं. पुढे दहा-अकरा वर्षं, गुडघे साथ देत होते तोवर, ती रोज एक ठेवत राहिली, आणि रोज ते नाहीसं होत राहिलं. राखण मात्र ती कधीच बसली नाही.

"मी बघत बसले तर लाजतील," ती म्हणायची. "पयल्यापासून घुमे हायेत."