गाभोळी मागायला गेलो आणि चिलापी घेऊन आलो

मंडळी, आज सुट्टी होती म्हणून बारामतीहून गाडी काढली आणि इंदापूरकडं उजनीच्या काठावर मासे घ्यायला गेलो.

मागच्याच आठवड्यात मी इथं तावातावानं लिहिलं होतं की बारीक जाळी लावणारे लोक उजनीतले मासे संपवतायत. तुम्ही भरभरून लाईकही दिलेत. त्याच रुबाबात मी होडीतून उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराला विचारलं, "तात्या, गाभोळीवाला मासा आहे का? आमच्या घरी फार आवडते."

तात्यांनी बादलीतली जिवंत मरळ दाखवली. पोट अंड्यांनी टम्म फुगलेलं.

"ही हाय. पर द्यायची न्हाय."

"का? सांगाल तो भाव देतो."

"तुमी गाभोळी म्हणता, आमी पोटुशी म्हणतो. ही काठाच्या गवतात अंडी घालती, म्हणून हितवर जपून आणली."

एवढं बोलून तात्या गुडघाभर पाण्यात गेले, गवतापाशी बादली कलती केली. मरळ शेपटी हलवत दिसेनाशी झाली. आज जाळ्यात तेवढी एकच मोठी होती, बाकी सगळी चिलापी. मी एक किलो चिलापी घेतली.

मागची पोस्ट मी काढलेली नाही. तिच्यात ज्यांना नावं ठेवली, त्यांच्या शेजारी आता माझंही नाव लिहिलंय.

खरं सांगा, तुमच्या घरी गाभोळी कोण मागतं?