तीन नंबरचं मशिन आणि सरांची चुन्याची डबी

आधी माफी मागतो. इथे लिहिणारी माणसं शिकलेली, अनुभवी. मी आमच्या घरातला पहिला कॉलेजात गेलेला, तेही जेमतेम बी.एस्सी. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. शिवाय हा अनुभव भीतीचा कमी आणि किळसेचा जास्त आहे... जेवताना वाचत असाल तर नंतर वाचा.

गावोगाव कॉम्प्युटर क्लास निघत होते, त्या वर्षांतली गोष्ट. बीडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा क्लास होता. सहा मशिनं, आणि चपला जिन्यातच काढायच्या. दुकान आणि क्लास दोन्ही आप्पांचे. शिकवायला धारूरचे विश्वनाथ सर. मी मशिनं पुसायची, चालू-बंद करायची आणि त्या बदल्यात सर मला शिकवायचे. घरी कुणाला कॉम्प्युटर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मला जे आलं ते सरांमुळं. त्यांच्यात खोड एकच — तंबाखू.

तीन नंबरचं मशिन सारखं बंद पडायचं. सरांनी मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स टाकलं आणि मला दाखवलं. काळ्या पडद्यावर 'सेन्सर्स' अशी कमांड टाइप करायची, एन्टर मारायचा — प्रोसेसरचं तापमान आकड्यात समोर. आकडा सत्तरच्या पुढं होता.

प्रोसेसर आणि त्याच्यावरची ॲल्युमिनियमची जाळी यांच्यामध्ये एक पांढरी पेस्ट असते, उष्णता ओढून घेणारी. ती वाळून गेली होती. बीडमध्ये मिळेना. सरांनी खिशातून चुन्याची डबी काढली, अंगठ्यावर चुना घेतला, जिभेनं ओला केला आणि प्रोसेसरवर चोळला!

मी तोंड फिरवलं.

"कावून तोंड वाकडं करतो बे?" सर हसले. "पांढरं ते पांढरं. औरंगाबादची ट्यूब येईस्तोवर चालतंय. तू फक्त दर तासाला आकडा वहीत लिही."

आकडा आला सदतीस. सकाळी थंड मशिन चालू केलं तरी सदतीस, सहा तास चालवलं तरी सदतीस. सर खूष. पुढं शनिवारी अंग दुखतंय म्हणून ते धारूरला गेले आणि सोमवारी आले नाहीत. त्या सोमवारी वहीत मी लिहिलं — साडेअडतीस.

मग रोज सकाळी थोडा कमी, दुपारनंतर चढता. एकोणचाळीस, एकोणचाळीस पॉइंट चार, चाळीस... आणि मागच्या पंख्यातून वास येऊ लागला. जळक्या वायरचा नाही. आजारी माणसानं तोंडाजवळ येऊन बोलावं तसा — शिळा, कोमट, त्यात तंबाखू. मुली त्या मशिनवर बसेनात. मी नाकाला रुमाल बांधून आकडा लिहायचो.

गुरुवारी आप्पांनी सांगितलं, सरांना टायफॉईड झालाय, लई तापलेत. मी वही उघडली. माझ्या धाकट्या बहिणीला टायफॉईड झाला होता तेव्हा दवाखान्यात कॉटला लावलेला तापाचा कागद मी पाहिला होता. माझी वही तशीच दिसत होती — सदतीस म्हणजे साधं अंग, त्यापुढं ताप.

दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी ट्यूब आली. मी डबा खात होतो, भाकरी आणि लसणाचा ठेचा. अर्ध्यातच आप्पांनी हाक मारली. नळाला पाणी चौथ्या दिवशी यायचं, त्यामुळं हात पेपरला पुसले आणि गेलो. आकडा होता चाळीस पॉइंट सहा.

"ते घाण खरवडून काढ आन नवं लाव."

"आप्पा... सर बरे झाल्यावर काढू का? हा आकडा सरांचा ताप हाय असं वाटतंय मला. पुसलं आन त्यांना काही झालं तर?"

आप्पा जिन्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "कॉलेजात हेच शिकवत्येत का बे? मग त्याला मोसंबी पण पाज की, फटीतून!"

खालून दुकानातले लोक हसले. पण खरं सांगतो, मी पुसलं ते त्या हसण्यामुळं नाही. सरांचं काय होईल हे मनात असूनही मी पुसलं, कारण मला तो वास आता सहन होत नव्हता. याची लाज अजून वाटते.

मशिन बंद करून जाळी उचलली. पंधरा दिवसांचा चुना खडखडीत वाळायला हवा. तो ओला होता. जाळीबरोबर त्याची तार वर आली, लाळेसारखी, आणि तुटेना. खाली गुलाबी पडलेला बुळबुळीत थर, मध्ये तंबाखूचा कण. बोळ्यानं निघेना म्हणून शेवटी बोटानंच पुसला. तो गरम होता... आणि बोटाखाली हलल्यासारखा वाटला. मी जिन्यात जाऊन ओकलो. परत येऊन स्पिरिटनं सगळं साफ केलं, ट्यूबमधली पेस्ट लावली, कमांड दिली. त्रेपन्न. चांगल्या मशिनचा असतो तसाच.

मग सरांचा ताप गेला कुठं?

सरांच्या घरी फोन नव्हता. धारूरच्या गाडीच्या कंडक्टरकडं चिठ्ठी दिली; उत्तर नाही. पाच दिवस मी उजव्या हातानं नीट जेवलो नाही, चमच्यानं खाल्लं. बोटं साबणानं, राखेनं घासली. पुसताना मी नेमकं काय पुसलं, हे मला आजही कळलेलं नाही. कुणाला कळलं तर जरूर लिहा.

सहाव्या दिवशी सरांचे भाऊ मन्मथ आले. मी जिन्यातच त्यांना विचारलं, सर हायेत ना?

"हाय, हाय, वाचला," ते म्हणाले. "गेल्या शुक्रवारी दुपारी झटक्यात ताप उतरला. पर उतरताना असा वरडला बगा — तोंडात कोण बोट घालतंय, हात तरी धू म्हणावं त्याला, ठेच्यानं जीभ भाजली माझी! आमी म्हणलं, वातात बोलतोय. तोंड उघडून बगितलं तर जीभ लालभडक, आन तोंडाला लसणाचा वास... नऊ दिवस नुसत्या पेजेवर हुता ओ. घरात लसणाची पाकळी न्हवती."