वाऱ्याच्या मागावर दानेश्वरीकाकू

दानेश्वरीकाकूंच्या घरात भूत शिरलंय आणि काकू उदबत्ती घेऊन त्याला शोधत फिरतात, ही बातमी गल्लीत फोडली ती समोरच्या इस्त्रीवाल्या हिंदुरावांनी. त्यांच्या इस्त्रीच्या टेबलावरून काकूंची खिडकी सरळ दिसते.

"म्या डोळ्यानं बघितलंय. बाई दाराच्या फटीला उदबत्ती धरती, श्वास कोंडून उभारती, आन् धूर वाकडा झाला की म्हणती, 'घावलास का बे!' आता मला सांगा, धुराला कोण घावलास म्हणतंय?"

टेबलापासून कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत जाता जाता भुताला पाय फुटले, तेही उलटे. ते बंद पडलेल्या मिलच्या भोंग्यासारखं ओरडतं, असंही ठरलं. ओरडत होती शेजारची रेश्मा. तिला गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला येतात, भोंग्याचीही येते, आणि हे लिहितेय तीच.

तर, भूतबित काही नव्हतं. वारा होता. काकू त्याच्या मागावर होत्या.

काकू मूळच्या अक्कलकोटकडच्या. शेवटी 'की' लावल्याशिवाय त्यांचं वाक्य खाली बसत नाही, आणि राग आला की मराठी संपून कानडी सुरू होतं. एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे येतात, काकू त्यांच्या कडा घरी मशीनवर शिवतात. त्या घरात कुठंही टेका, उठताना अंगाला दोन धागे चिकटलेले असणारच. नवरा राजशेखर टेंपोवर, आठवड्यातला बराचसा हैदराबादच्या रस्त्यावर. त्यामुळं घरात दिवसभर दोघंच, काकू आणि त्यांचे सासरे मल्लप्पा अज्जा.

लग्न होऊन आलेल्या काकूंना मशीन घेऊन दिली ती अज्जांनी. आजही मशीनचा पट्टा निसटला की पहिली हाक त्यांनाच.

"मामा, पट्टा गेला की!"

"जातोय कुटं? हितंच असंल."

हा संवाद इतक्यांदा होतो, की रेश्मा दोन्ही आवाजांत एकटीच करून दाखवते, मधल्या खोकल्यासकट.

घर अज्जांनीच बांधलेलं, मिल चालू होती त्या काळातलं. तेव्हा सोलापुरात घर बांधताना एकच गोष्ट बघायचे, वारा आत कसा येईल. समोरासमोर खिडक्या, छताखाली झरोके, आणि सागवानी दारं. ती दारं आता म्हातारी होऊन वाकलीत. दाराखालच्या फटीतून मांजराचं पिल्लू मान न झुकवता ये-जा करतं.

गेल्या उन्हाळ्यात अज्जा दुपारी खोलीतच भोवळ येऊन पडले. सलाईन लागलं. डॉक्टरांनी बजावलं, दुपारी गार खोलीत ठेवा, पुन्हा असं झालं तर अवघड आहे. मग यंदा ऊन तापायला लागताच जुळे सोलापूर या नव्या वस्तीत राहणारे धाकटे चिरंजीव महेश्वरकाका आपला जुना खिडकीतला एसी घेऊन आले. एसी बसला. रात्रंदिवस घुरघुरायला लागला. मीटर भिंगरीसारखं फिरायला लागलं. खोली मात्र आपली कोमट ती कोमटच.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं एसी उघडला, बंद केला, आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "मशीनकू कुछ नई हुआ काकी. घरच चाळनी है, तो मशीन बिचारी क्या करती?"

महेश्वरकाकांचं प्रत्येक बोलणं 'बेसिकली'पासून सुरू होतं. "बेसिकली काय आहे ना वहिनी, घर ओल्ड आहे. अप्पांना मी फ्लॅटवर नेतो. आमच्याकडे कसं, सगळं पॅक असतं."

"पॅक करायला मी काय टॉवेल हाय?" अज्जा आतून म्हणाले.

सगळे हसले, महेश्वरकाका सोडून. ते काही वाईट नाहीत. वडिलांना पुन्हा सलाईनवर बघण्याची त्यांची छाती नव्हती, एवढंच. म्हणाले, "माझ्याकडे खोली गार झाली की एसी आपोआप कट होतो. इथे तो कधी थांबलेला ऐकलाय का कुणी? बसव जयंतीला मी गाडी घेऊन येतो. तोवर तो एकदा तरी कट झाला, तर अप्पा इथेच. नाही तर माझ्याबरोबर."

संध्याकाळी ओट्यावर अज्जांनी हिंदुरावांना विचारलं, "तितं खाली बोलायला कोण असतंय का रे?"

"वॉचमन असतोय की."

"त्याला कन्नड येतंय का?"

आत मशीनवर बसलेल्या काकूंनी हातातल्या टॉवेलच्या तीनच बाजू शिवल्या, चौथी तशीच सोडून पुढचा टॉवेल घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अज्जा इष्टलिंगाच्या पूजेला बसले. काकूंनी नेहमीसारखी उदबत्ती लावून ठेवली. धूर सरळ वर जाईना. आडवा होऊन निघाला आणि एसीभोवती ठोकलेल्या प्लायवूडच्या कोपऱ्यात गडप झाला.

"अय्यो! देवाला लावलेला धूर देवाकडं सोडून कुटं चालला की?"

काकूंनी कोपऱ्याला हात लावला. मिस्त्रीची चाळणी त्यांना आठवली. मग ती उदबत्ती घेऊन त्या सगळ्या खोलीभर फिरल्या. वरच्या झरोक्यातून बाहेरची झळ आत येत होती आणि दाराखालून विकतचा गारवा बाहेर चालला होता. चौकट आणि भिंत यांच्यात तर करंगळी जाईल एवढी भेग. धूर जिथं वळला, तिथं त्यांनी कापड खुणा करायच्या खडूनं फुली मारली. ह्याच वेळी हिंदुराव समोर कुणाच्या तरी शर्टाची कॉलर करत होते, आणि भुताचा जन्म झाला.

मग काकू हात धुऊन त्या फुल्यांच्या मागं लागल्या. प्लायवूडच्या कोपऱ्यांत, चौकटीच्या भेगेत लांबी भरली. झरोक्याला काच बसवून घेतली. खिडकीच्या झडपांना फोमची पट्टी चिकटवली. दाराखालच्या फटीसाठी टॉवेलच्या कातरणीचा दाराएवढा लांब लोड शिवला, हलू नये म्हणून त्यात वाळू भरली आणि दाराशी आडवा टाकला. अज्जांनी त्याचं नाव ठेवलं नागप्पा. "नागप्पाला सरकवा गं आधी, मग दार उघडा. चावंल."

स्वयंपाकघराला मात्र काकूंनी हात लावला नाही. गॅस पेटतो तिथं वारा खेळता पाहिजे, एवढं भान त्यांना होतं. हॉलच्या बाबतीत ते सुटलं.

हॉलमध्ये कूलर. एका खोलीत जमलं म्हटल्यावर काकूंना हुरूप आला, आणि त्यांनी हॉलही तसाच बंद केला. झरोके, मागची खिडकी, सगळं. मग कूलरमध्ये काठोकाठ पाणी भरलं आणि बसल्या टॉवेल शिवायला. दुपार कलेपर्यंत भिंतींना घाम फुटला. शेंगाचटणीचा गोळा झाला. टॉवेलच्या गठ्ठ्याला कुबट वास सुटला. आणि डब्यातली कडक भाकरी अज्जांनी मोडायला घेतली, तर ती वाकली. सोलापूरची कडक भाकरी, वाकली!

"ही भाकरी हाय का पायपुसणं?" अज्जांनी ती दोन बोटांत लोंबकळत धरली.

आणि नेमके त्याच वेळी महेश्वरकाका आंबे घेऊन दारात. चष्म्यावर वाफ धरली. "बेसिकली वहिनी, हे घर आहे का इडलीपात्र?"

ते गेल्यावर रेश्मानं त्यांची नक्कल केली, चष्मा पुसण्यासकट. काकू हसल्या नाहीत. हे पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी अज्जाच म्हणाले, "कूलर म्हंजे पावणा गं दानम्मा. आला की त्याला जायला मागचं दार लागतंय. एसी म्हंजे जावई. त्याला कडी लावून आतच बसवायचा."

काकूंनी उठून मागची खिडकी सताड उघडली. मग हसल्या.

हसल्या तेव्हा रेश्मा बोलून गेली, "काही म्हणा काकू, तुमचा जावई काय थांबायचा नाही. लावा पैज."

"लाव की! तू जिंकलीस तर?"

"तर बसव जयंतीला सगळ्यांसमोर तुमची नक्कल. मशीनसकट."

"आणि मी जिंकले, तर श्रावण येईपर्यंत माझा आवाज तुझ्या तोंडातून निघायचा नाही. एक 'की' सुद्धा न्हाय."

रेश्मा निर्धास्त होती, कारण तिचे कान तिला सांगत होते. फुल्या सगळ्या बुजल्या, नागप्पा दाराशी निजला, तरी एसीची घुरघुर तुटत नव्हती. खोली आधीपेक्षा गार होती, पण पुरती नाही. कुठं तरी अजून गळत होतं.

बसव जयंती दोन दिवसांवर आली, तेव्हा काकूंनी पुन्हा उदबत्ती पेटवली. अज्जा दुपारचे पडले होते. धूर प्लायवूडपाशी सरळ, दारापाशी सरळ, चौकटीपाशीही सरळ. आणि अज्जांच्या उशाच्या खिडकीपाशी आला आणि वळला. काकूंनी वाकून पाहिलं. फोमची पट्टी वीतभर उपटलेली होती. झडपेत लाकडी चमचा अडकवून बारीक फट ठेवलेली.

"मामा! हे काय की?"

अज्जांनी डोळे मिटूनच घेतले. लहान पोरं घेतात तसे.

"मामा, झोपेचं सोंग घेऊ नका. पापणी हलालीय तुमची."

"ऐकू येत न्हाय गं," अज्जा हळूच म्हणाले. "तू सगळं बुजवलंस. हिंदुरावचा रेडिओ न्हाय, तुजी मशीन न्हाय. पट्टा निसटला तरी मला कळंना. गार लागतंय, पर मेल्यावानी गार लागतंय. मग महेशाचा फ्लॅट काय वाईट?"

काकूंनी उदबत्ती खिडकीच्या कट्ट्यावर खोचली आणि त्या बाहेर गेल्या. अज्जांना वाटलं, रागावली. इतक्यात फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज आला. काकू आणि रेश्मा मशीन ओढत आणत होत्या. ती अज्जांच्या पलंगाच्या पायथ्याशी लागली. मग काकू रस्ता ओलांडून समोर गेल्या.

"हिंदुरावदादा, दुपारी तुमच्याकडं गिऱ्हाईक येतंय का?"

"ह्या उन्हात? माशी येत न्हाय."

"मग रेडिओ घ्या आणि आमच्याकडं येऊन बसा. रोज."

हिंदुराव चपापले. भुताची बातमी त्यांचीच होती. रेडिओ छातीशी धरून ते नागप्पाला ओलांडून आत आले, चारी कोपऱ्यांत बघितलं, आणि खुर्चीत टेकले. जरा वेळानं म्हणाले, "भूत असंल तर असू दे मल्लप्पा. गार हाय."

लाकडी चमचा काकूंनी धुऊन फडताळात ठेवला. पट्टी पुन्हा चिकटवली. अज्जांनी ती परत उपटली नाही. उपटायची गरज काय? ऐकायचं होतं ते सगळं आतच येऊन बसलं होतं. सकाळ-संध्याकाळ काकू खिडक्या उघडून खोलीला मोकळा वारा देत, आणि ऊन चढायच्या आत पुन्हा कडी.

बसव जयंतीला महेश्वरकाका गाडी घेऊन आले. अज्जांची पिशवी भरून तयार होती, ती त्यांनी स्वतःच भरून दाराशी ठेवली होती. जेवणं झाली. पुरणपोळी, जिला काकू होळगी म्हणतात, तिची शेवटची ताटली घेऊन सगळे अज्जांच्या खोलीत बसले. पलंगावर अज्जा, खुर्चीत हिंदुराव, मशीनच्या स्टुलावर काकू, खाली रेश्मा. महेश्वरकाका उभेच, एक हात एसीसमोर धरून. दार लागलं. नागप्पा सरकला. एसी घुरघुरत होता.

काकूंची बोटं एक धागा गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. हिंदुरावांनी रेडिओ बंद केला. अज्जा पिशवीकडं बघायचं टाळून छताकडं बघत होते.

घुर्रर्र. घुर्रर्र.

महेश्वरकाकांनी घसा साफ केला. "बेसिकली…"

टक्.

घुरघुर थांबली. राहिला तो नुसता पंख्याचा बारीक आवाज, कुणी कानात फुंकर घालावी तसा. आणि सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, रेश्माकडं.

"आवाज तू काढलास," महेश्वरकाका म्हणाले.

रेश्माच्या तोंडात अख्खी होळगी होती. तिनं दोन्ही गाल फुगवून दाखवले. अशा तोंडातून टक् काय, पुरणसुद्धा बाहेर पडलं नसतं.

काकांनी एसीच्या जाळीला कान लावला. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग वाकून दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि अज्जांच्या पलंगाखाली सरकवली. "अप्पा, मी दर रविवारी येणार. बघायला."

"ये की. येताना नागप्पावर पाय देऊ नको."

काकू उठून मशीनला लागल्या. पदराला डोळे पुसल्याचं कुणाला दिसू नये, म्हणून त्यांनी चाक जोरात फिरवलं, आणि पट्टा निसटला.

"मामा, पट्टा गेला की!"

"जातोय कुटं?" अज्जा म्हणाले. "हितंच असंल."

रेश्माच्या ओठांवर ते दोन्ही आवाज आले होते. काकूंनी नुसतं बोट वर केलं. पैज म्हणजे पैज. श्रावण येईपर्यंत तिच्या तोंडातून काकूंचा 'की' निघायचा नाही, आणि अजून निघालेला नाही. लिहायचं नाही, असं मात्र काकू कुठं म्हणाल्या होत्या?