एसीवाल्याच्या बायकोचं नाक

१४ मार्चला मी गाडीत ठेवायच्या सुगंधी डब्यांवर १,८६० रुपये खर्च केले. एसी लावला की ओल्या पायपुसण्याचा वास यायचा. आता अत्तर शिंपडलेल्या पायपुसण्याचा येऊ लागला. बायकोला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. परतताना त्या वासाने तिला उलट्या व्हायच्या. त्या सोमवारी ती घराच्या पायरीवरच बसली आणि म्हणाली, “पुढच्या वेळी मी येणार नाही.” ती उगाच बोलणारी बाई नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी एसीवाल्याकडे गेलो. त्याने आधी ते डबे काढून माझ्या हातात दिले. “साहेब, घाणीवर पांघरूण घातलंत होय?”

त्याने डॅशबोर्ड खोलला. फिल्टर काळा पडला होता, पाणी जायची नळी गाळाने तुंबली होती. त्याने फिल्टर बदलला, नळी मोकळी केली, हवा थंड करणारी आतली कॉइल फेसाने धुतली आणि बराच वेळ नुसता पंखा चालवून सुकवली.

“गेला का वास?” मी विचारलं.

“मला काय कळणार? एका तापात माझं नाक गेलं ते गेलंच. अगं, येतेस का जरा?”

घरातून त्याची बायको आली. गाडीत बसली, काचा वर केल्या, डोळे मिटले.

“आहे अजून. डावीकडून येतोय.”

“नक्की?”

“नाक तुमचं चालतंय का माझं?”

तो हसला आणि डॅशबोर्ड पुन्हा खोलू लागला. डाव्या बाजूच्या हवेच्या वाटेत स्पंजचा तुकडा कुजला होता.

तो हात धूत असताना मी तिला विचारलं, हे जमतं कसं? ती म्हणाली, त्याचं नाक गेल्यापासून वासाचं तेल नाही, फूल नाही, साबणही बिनवासाचा. काम संपेपर्यंत कांदा-लसूणही तोंडात घालत नाही.

“एकाचं गेलं. दुसऱ्याचं तरी जपायला नको?”

फुलं तिला फार आवडायची, असं तो मागून म्हणाला. मी स्टुलावर बसलो होतो. नकळत उठून उभा राहिलो.

गुरुवारी परतताना बायको रुमाल तोंडाशी धरून बसली. थोड्या वेळाने रुमाल मांडीवर आला, मग मान कलली. दारात गाडी थांबल्यावर ती जागी झाली आणि म्हणाली, “सोमवारी किती वाजता निघायचं?”

डॅशबोर्ड दुसऱ्यांदा खोलल्याचे दीडशे रुपये एसीवाल्याने अजून घेतलेले नाहीत. ते देणं बाकी आहे.