गाडी कुणी थांबवली?

कृष्णेवरचा नवा रेल्वेपूल सुरू झाला, जुन्यावरून गाड्या बंद झाल्या आणि निरोपाच्या कार्यक्रमासाठी ऑफिसनं जुन्या पुलाच्या इतिहासाची गुळगुळीत पुस्तिका काढली. कुंडलच्या नाथाजींनी ती चष्मा पुसून पुसून वाचली. एकतीस वर्षं ते त्या पुलावर कीमॅन होते. हातोडा घेऊन रोज चालायचं आणि रुळांच्या सैल झालेल्या चाव्या ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. दगडी खांब कधी उभे राहिले, लहान रुळांचे मोठे कधी झाले, कोणते साहेब येऊन गेले, सगळं पुस्तिकेत होतं. दोन हजार पाचच्या पुरावर मात्र एकच ओळ होती : 'इशारा वेळीच मिळाल्याने गाडी थांबवण्यात आली.'

"थांबवण्यात आली म्हंजे?" ते सुनेवर, रेश्मावर ओरडले. "आपोआप थांबली व्हय? अगं, ज्ञानूनं थांबवली की!"

ज्ञानू पावसाळ्यापुरता घेतलेला चौकीदार. त्या सकाळी पुलाच्या तोंडाशी रुळाखालची माती खचली. लाल झेंडी फडकवत तो गाडीच्या दिशेनं धावत सुटला. खडीवर आपटला, उठला, पुन्हा आपटला. हे सारं नाथाजींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गाडी थांबली, पण ज्ञानूचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्याला परत कुणी कामावर घेतलं नाही. चार वर्षांपूर्वी तो वारला.

पुस्तिकेत ज्ञानूचं नाव घाला म्हणून नाथाजींनी ऑफिसचे खेटे सुरू केले. एकदा साहेब मीटिंगमध्ये, एकदा रजेवर. तिसऱ्या खेपेला मधुकर नावाच्या कारकुनानं विचारलं, "पुरावा काय?"

"हजेरीपुस्तक बघा की."

"ते दोन हजार एकोणीसच्या पुरात भिजून गेलं, काका."

नाथाजींचं डोकं भणाणलं. मग त्यांना आठवलं, दोन हजार पाचचा पूर ओसरल्यावर रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगनं पुलाच्या पहिल्या खांबावर पाण्याची खूण केली होती. खाली तारीख आणि चौकीदाराचं नाव, नाथाजींनी स्वतः रंगवलेलं. मोबाइलवर फोटो काढायला रेश्माला घेऊन ते पुलाखाली उतरले. खांब राखाडी रंगात चकचकत होता. रंग अजून ओला होता.

अपूर्वा नावाची तरुण इंजिनिअर तिथं उभी होती. "कार्यक्रम आहे ना, म्हणून रंगवून घेतलं," ती म्हणाली.

"पुसायच्या आधी वाचलं तरी का, बाई?"

"वाचलं होतं. ज्ञानू... असं काहीतरी होतं."

नाथाजी पुढं सरकले. "मग एवढंच लिहून द्या! तुमी बघितलंय."

तिनं मान खाली घातली. "मी कसं लिहून देणार? वरच्यांना काय सांगू?"

तसेच फणफणत ते ज्ञानूच्या बायकोकडं गेले. अंजना गोठ्यात शेण काढत होती. नाथाजींनी सगळी कर्मकथा ऐकवली, साऱ्यांना शिव्या घातल्या. तिनं हात धुतले, पदराला पुसले.

"भावजी, एकोणीस वरसं झाली. तुमी नोकरीत हुता, तवा का न्हाई बोललासा?"

साहेबाच्या डोळ्यावर यायची भीती होती, हे नाथाजींच्या तोंडून निघेना. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते पुन्हा ऑफिसात गेले. मधुकरनं त्यांना पाहताच फोन कानाला लावला. नाथाजी बाकावर बसून राहिले.